घाट आणि ब्रेक : सह्याद्री उतरणाऱ्या वाहनांच्या तपासणीचा इतिहास

घाट उतरण्यापूर्वी जड वाहनाची तपासणी करणे ही रीत महाराष्ट्रातल्या दळणवळणाइतकीच जुनी आहे. देश आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. बंदराकडे जाणारा माल घाटमाथ्यावरून खाली उतरवावाच लागतो. चढाला वाहन कमी पडले तर ते थांबते, फार तर वेळ जातो. उताराला कमी पडले तर ते थांबतच नाही. म्हणूनच चाक, आस आणि ब्रेक यांची तपासणी वाहन निघण्यापूर्वी करायची, बिघाड झाल्यावर नव्हे, ही समज घाटातल्या वाहतुकीत लवकर रुजली. बैलगाडीपासून आगगाडीपर्यंत आणि एसटीपासून आजच्या मल्टी-ॲक्सल ट्रेलरपर्यंत वाहने बदलत गेली, तसे या तपासणीचे रूपही बदलले.

उतारावर ब्रेकवर किती भार येतो याचा हिशेब साधा आहे. सोळा टन वजनाचा ट्रक ५०० मीटर खाली उतरतो, तेव्हा त्याच्या वजनात साठलेली ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. ती सगळी ब्रेकने शोषली, तर तेवढ्या उष्णतेत साधारण अडीचशे लिटर पाण्याला उकळी येईल. ही उष्णता ड्रम आणि लायनर यांच्यात कोंडते. ठरावीक मर्यादेपलीकडे लायनर तापला की त्याचे घर्षण घटते. पायाखालचे पेडल नेहमीसारखेच दाबले जाते, पण गाडीचा वेग कमी होत नाही. सपाट रस्त्यावर वर्षभर खपून जाणारी झीज घाटात काही मिनिटांत उघडी पडते.

बैलगाडीचा काळ

खंडाळ्याच्या भोर घाटातून चाकाच्या गाड्यांची नियमित वाहतूक सुरू झाली ती गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये बांधलेल्या रस्त्यामुळे. त्याआधी घाटवाटांनी मालाची ने-आण मुख्यतः लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या तांड्यांतले बैल पाठीवरून करत. रस्ता झाला, गाड्या आल्या आणि गाड्यांबरोबर चाकांची काळजीही आली.

गाडीवानाची तपासणी हाताने आणि कानाने चाले. निघण्यापूर्वी आसाला वंगण घातले आहे का, तुंब्यात आरे घट्ट बसले आहेत का, लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव सैल झाली आहे का आणि चाक आसावर धरून ठेवणारी खीळ जागेवर आहे का, एवढे तो पाही. वंगणाचे नळकांडे गाडीखालीच टांगलेले असे. उन्हाळ्यात लाकूड आटते आणि धाव ढिली होते, हे त्याला ठाऊक असे. अशा वेळी चाक पाण्यात भिजवून फुगवले जाई. उताराला चाकावर लाकडाचा ठोकळा आवळून गाडी धरून ठेवत. ही सारी तपासणी एका माणसाच्या अनुभवावर उभी होती. तिची कुठे नोंद नव्हती आणि ती केली नाही म्हणून कुणी गाडी अडवतही नव्हते. गाडी स्वतःची, बैल स्वतःचे आणि जीवही स्वतःचाच असल्यामुळे ही व्यवस्था चालून गेली.

आगगाडी घाटात आली

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. ती गाडी पुण्याला न्यायची तर भोर घाट ओलांडणे भाग होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला घाटमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक उंची चढत होती. सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांच्या अंतरात एक फूट चढ होता. डोंगराची ठेवण अशी की मध्येच एका ठिकाणी गाडी थांबवून तिची दिशा उलटी करावी लागे. खंडाळ्याजवळच्या या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत.

त्या काळात सबंध गाडीला एकत्र लागणारा ब्रेक रूढ नव्हता. इंजिनाचा ब्रेक चालक लावी आणि ब्रेकच्या डब्यांत बसलेली माणसे इंजिनाच्या शिट्टीवर हाताने चाक फिरवून आपापल्या डब्याचा ब्रेक आवळत. एखाद्याला शिट्टी ऐकू आली नाही किंवा एखाद्या ब्रेकचा ठोकळा झिजलेला निघाला, तर त्याचा भार उरलेल्यांवर पडे. घाटासाठी बांधलेल्या खास इंजिनांना चाकांखेरीज थेट रुळांवर दाबले जाणारे ब्रेकही बसवले होते. तरीही धोका टळला नाही. जानेवारी १८६९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशनवर उतरणीची गाडी आवरली नाही आणि मोठा अपघात झाला.

यातून रेल्वेने जो उपाय पक्का केला, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. उतरणीच्या मार्गाला एक फाटा फोडून तो डोंगराच्या चढावर नेलेला असतो. सांधा एरवी या फाट्याकडेच वळवलेला राहतो. गाडी ताब्यात आहे, ती ठरल्या जागी थांबली आहे, अशी खात्री पटल्यावरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवला जातो. न थांबलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि तिथे तिचा वेग जिरतो. म्हणजे इथे गाडी सदोष आहे हे कुणाला शोधून काढावे लागत नाही. उलट ती निर्दोष आहे हे गाडीलाच थांबून दाखवावे लागते आणि तोवर खालची वाट बंद असते.

सबंध गाडीचा एक ब्रेक

हेच तत्त्व खुद्द ब्रेकच्या रचनेत आणले ते अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी. १८६९ मध्ये त्यांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्या पहिल्या रचनेत नळीत हवा भरली की ब्रेक लागे. त्यामुळे नळी फुटली तर ब्रेकच नाहीसा होई. काही वर्षांतच त्यांनी रचना उलटी केली. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहतो आणि दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा त्या डब्याचा ब्रेक लावते. नळी फुटो, डबे तुटोत, गाडी थांबणारच.

या फरकाचे मोल १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा इथे कळले. चढावर अडलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवण्यात आले. गाडीचा व्हॅक्यूम ब्रेक स्वयंचलित नसल्याने सुटलेल्या डब्यांना तो उरलाच नाही. डबे उताराने मागे घसरत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित सलग ब्रेक कायद्याने बंधनकारक केला. हिंदुस्थानातल्या रेल्वेने स्वयंचलित व्हॅक्यूम ब्रेक स्वीकारला आणि तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे चालला. पुढे त्याची जागा एअर ब्रेकने घेतली.

ब्रेकबरोबर आसाचाही प्रश्न होता. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. दिसायला धडधाकट लोखंड अचानक का मोडते, याचा शोध त्यानंतर जोराने सुरू झाला. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी पुढच्या दशकांत आसांवर दीर्घ प्रयोग करून दाखवले की, एका झटक्यात मोडण्याइतका भार नसला तरी तोच भार लाखो वेळा आला की धातू थकतो. त्याला बारीक तडा जातो, तडा वाढतो आणि एक दिवस तुकडा पडतो. नियमित तपासणीला शास्त्रीय आधार मिळाला तो इथे. भाग मोडण्याच्या आधी तडा काही काळ अस्तित्वात असतो, तेव्हा तपासणीचे अंतर त्या काळापेक्षा कमी हवे.

मोठ्या स्टेशनांवर लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालणारा कामगार हा या शास्त्राचा व्यवहारातला अवतार होता. तो प्रत्येक चाकावर ठोका देई. अखंड चाक घंटेसारखे खणखणीत वाजे, तडा गेलेले बद्द वाजे. बेअरिंगच्या पेटीवर हात ठेवून ती तापली आहे का, हेही तो पाही. आता आसातला तडा अल्ट्रासॉनिक यंत्राने शोधतात आणि तापलेली पेटी रुळांलगतच्या उष्णतामापकाने कळते.

कागदाचे महत्त्वही रेल्वेने ओळखले. गाडी तपासून ब्रेक ठीक असल्याचा दाखला, म्हणजे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, तयार होते. त्यावर तपासणाऱ्याची सही असते आणि चालक व गार्ड तो पाहून घेतात. वैध दाखल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नसते. घाटाचे विद्युतीकरण होऊन १९२९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन मोडीत निघाले. पुढे उतारावर मोटारीच जनित्रासारख्या चालवून वीज परत तारेत सोडणारी आणि त्याबरोबर गाडी रोखणारी इंजिने आली. तरीही उतरणीच्या गाड्यांनी घाटात ठरल्या जागी थांबून ब्रेक तपासण्याची पद्धत चालूच राहिली. मंकी हिल आणि ठाकूरवाडी इथे गाडी थांबली की प्रवाशांना ते विनाकारण वाटते. प्रत्यक्षात गाडी तिथे आपला ताबा सिद्ध करत असते.

मोटार, कायदा आणि एसटी

रस्त्यावर मोटारी आल्या तेव्हा रेल्वेसारखी एकच मालक संस्था नव्हती. गाड्या हजारो खासगी मालकांच्या होत्या. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याचा भर नोंदणी आणि परवाना यांवर होता. १९३९ च्या कायद्याने मालवाहू आणि प्रवासी वाहनांना योग्यतेचा दाखला सक्तीचा केला. रोजच्या बोलीत यालाच ‘गाडी पासिंग करणे’ म्हणतात. पण दाखला सरकार देणार आणि देखभाल मालक करणार, ही विभागणी तेव्हापासून कायम झाली.

या दोन्ही बाजू एका छताखाली आणण्याचा मोठा प्रयोग म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. सुरुवातीला लाकडी बांधणीच्या आणि काथ्याच्या आसनांच्या ३० बेडफर्ड गाड्या होत्या. लवकरच ताफ्यात बेडफर्ड धरून शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, सेडन, फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या झाल्या. दहा बनावटी म्हणजे दहा प्रकारचे ब्रेक, दहा प्रकारचे सुटे भाग आणि दहा प्रकारची माहिती. अशा ताफ्याची देखभाल एकेका मिस्त्रीच्या आठवणीवर सोडणे शक्य नव्हते. पुढे देशात लेलँड आणि टाटाचे सांगाडे बनू लागले, तसा ताफा एकसारखा होत गेला आणि देखभालीचे वेळापत्रक सर्व आगारांना सारखे लावता आले.

एसटीची रचना तीन पायऱ्यांची झाली. रोजची आणि ठरावीक मुदतीची देखभाल आगारात, मोठी दुरुस्ती विभागीय कार्यशाळेत आणि गाडीची नवी बांधणी किंवा पुनर्बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत. गाडी किती किलोमीटर धावली यावर तपासणीची पाळी ठरू लागली. १९६६ मध्ये पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था उभी राहिली आणि १९६७ मध्ये भोसरीत सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था. राज्य परिवहन उपक्रमांतल्या अभियंत्यांना आणि अधिकाऱ्यांना देखभालीचे शिक्षण देण्याचे काम सीआयआरटीने हाती घेतले.

आगारातल्या खड्ड्यावर गाडी उभी राहते तेव्हा काय होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मिस्त्री खाली उतरतो. आधी हवेच्या टाक्यांचे खालचे कॉक उघडून साचलेले पाणी काढतो. पावसाळ्यात ते जास्त निघते आणि पाण्याबरोबर तेल आले तर कंप्रेसर कुरकुरतो आहे हे कळते. मग इंजिन चालू करून हवेचा काटा भरू देतात, साधारण सात-आठ किलोपर्यंत. इंजिन बंद करून वर बसलेला माणूस ब्रेक दाबून धरतो. सगळे गप्प होतात, कारण बारीक ‘फुस्स’ आवाज ऐकायचा असतो. काटा खाली सरकला तर कुठेतरी गळती आहे. त्यानंतर प्रत्येक चाकाच्या ब्रेक चेंबरमधली दांडी किती बाहेर येते ते पाहतात. लायनर झिजला की दांडीला जास्त प्रवास करावा लागतो. हा प्रवास चेंबरच्या मर्यादेला पोहोचला तर पेडल कितीही दाबले तरी लायनर ड्रमला टेकत नाही. म्हणून स्लॅक ॲडजस्टर आवळून अंतर जुळवतात आणि दोन्ही बाजूंच्या चाकांचे मापही जुळवतात, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. ड्रमला उष्णतेने पडलेले तडे, पाट्यांचे यू-बोल्ट, स्टिअरिंगचे जॉइंट, चाकाचे नट आणि टायरची आतली बाजू हे पुढे पाहिले जाते. सैल नटाभोवती गंजाची लालसर रेघ उमटते. अनुभवी माणसाला पाना लावण्याआधी ती रेघच सांगते.

या कामाचा कणा म्हणजे चालकाची तक्रार नोंदवही. फेरी संपवून आलेला चालक ‘ब्रेक उशिरा लागतो’ असे लिहितो, रात्रपाळीचा मिस्त्री काम करून सही करतो आणि सकाळचा चालक ती सही पाहून गाडी बाहेर काढतो. बैलगाडीवानाच्या डोक्यात असलेले ज्ञान इथे तीन माणसांत वाटले गेले आणि कागदावर आले. या साखळीतली एक सही न पाहता झाली, तर उरलेल्या दोन निरर्थक ठरतात.

दाखल्यापासून यंत्रापर्यंत

१ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्यातले कलम ५६ आणि केंद्रीय नियमांतला नियम ६२ यांनी योग्यतेच्या दाखल्याची मुदत आणि तपासणीच्या बाबी ठरवल्या. २०१८ नंतर आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला दोन वर्षांचा आणि त्याहून जुन्याला एका वर्षाचा दाखला मिळतो. नियम नेमका असला तरी तपासणी बरीचशी नजरेने होई. एका निरीक्षकापुढे दिवसाला असंख्य गाड्या येत आणि ब्रेक तपासायला पुरेशी जागाही अनेक ठिकाणी नसे. पुण्यातून गेलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि राज्यातल्या परिवहन कार्यालयांना ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचे ट्रॅक उभारावे लागले.

२०१९ ची कायदादुरुस्ती आणि २०२१ चे नियम यांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची चौकट आणली. तिथे गाडीची चाके फिरत्या रोलरवर ठेवून प्रत्येक आसाचा ब्रेक किती जोर लावतो, डावे-उजवे किती सारखे आहेत, हे यंत्र मोजते. महाराष्ट्रात नाशिकला असे तपासणी आणि प्रमाणन केंद्र आधीच सुरू झाले होते. नजरेच्या जागी आकडा येणे ही मोठी सुधारणा आहे, कारण आकड्याशी हुज्जत घालता येत नाही.

पण या तपासणीलाही मर्यादा आहे. रोज ३०० किलोमीटर धावणारे वाहन वर्षात लाखाहून अधिक किलोमीटर कापते. घाटात चालणाऱ्या गाडीचे लायनर तेवढ्या काळात अनेकदा बदलावे लागतात. वार्षिक दाखला त्या एका दिवसाची अवस्था सांगतो, पुढच्या पावसाळ्याची हमी देत नाही.

वाहनांची रचनाही दरम्यान सुधारली. जड वाहनांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये हवेचा दाब स्प्रिंगला दाबून धरतो. हवा गेली की स्प्रिंग सुटून चाके धरते. वेस्टिंगहाऊस यांनी आगगाडीसाठी वापरलेला विचारच इथे रस्त्यावर उतरला. उतारावर इंजिनाकरवी गाडी रोखणारे एक्झॉस्ट ब्रेक आले आणि २०१५ पासून नव्या जड ट्रक-बसना एबीएस बंधनकारक झाले. मात्र तापलेल्या लायनरवर यांतले एकही साधन पूर्ण उतारा नाही.

२००२ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाने घाट सोपा वाटू लागला आणि तिथेच नवा धोका आला. रुंद, गुळगुळीत रस्त्यावर उतार जाणवत नाही. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची किंवा इंजिनच बंद करण्याची सवय अशा उतारांवर जीवघेणी ठरते. इंजिन बंद झाले की कंप्रेसर थांबतो, टाकीतली हवा प्रत्येक दाबाबरोबर कमी होते आणि इंजिनाचा रोधही उरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या जड वाहनाने सुमारे ४८ वाहनांचे नुकसान केले. आधी ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. प्राथमिक तपासात उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे कारण पुढे आले. चालू स्थितीतली यंत्रणाही चुकीच्या वापराने निकामी होते, म्हणून चालकाचे शिक्षण हा देखभालीचाच भाग मानावा लागतो.

रेल्वे घाटात १८६३ पासून जे शिकली ते रस्त्याने अजून अर्धेच स्वीकारले आहे. रेल्वेत ब्रेक सिद्ध झाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, कारण सांधाच तिला जाऊ देत नाही. रस्त्यावर असा सांधा नाही. तिथे ती जागा चालकाने आणि मालकाने भरून काढायची असते. घाटमाथ्यावर गाडी उभी करणे, हवेचा काटा पाहणे, चाकांभोवती एक फेरी मारणे, खालचा गिअर टाकूनच उतार धरणे, याला दहा मिनिटे लागतात. मालकांनी ही दहा मिनिटे फेरीच्या वेळापत्रकातच धरावीत आणि शंका आली तर गाडी जागेवर उभी ठेवणाऱ्या चालकाचा रोज कापू नये.